स्टरिलायझर घेताना आम्ही कशाकशाचा विचार केला

आमच्या लेकीने ३४व्या आठवड्यातच बाहेर यायचं ठरवलं, त्यामुळे बाळंतपणाची माझी यादी अर्धीच राहिली. झबली-टोपडी, दुपटी, जुन्या धोतराचे मऊ लंगोट आईने कराडहून आधीच धाडले होते. बाटली यादीत मुळी नव्हतीच. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, दवाखान्याच्या भिंतीवरचं पोस्टर सांगत होतं आणि मलाही पटलेलं होतं. पण १९०० ग्रॅमचं बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, असतं तेव्हा पटण्या-न पटण्याला फार अर्थ उरत नाही. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळ साधारण ३४व्या आठवड्याच्या आसपास जमायला लागतो. आमच्या बाईसाहेबांचा जमत होता, पण चार घोटांत त्या दमून झोपी जायच्या. म्हणून दूध पंपाने काढायचं आणि ते आधी नळीने, मग बोंडल्याने पाजायचं, असं सुरू झालं.

बाटलीच्या आधी आमच्या घरात आला तो पंप, आणि निर्जंतुक करण्याची कटकटही त्याच्याबरोबरच आली. पंपाच्या एका जोडात पाच-सहा तुकडे असतात: फनेल, जोडनळी, पडदा, झडप, खाली बाटली. त्यातली सिलिकॉनची झडप बोटाच्या पेराएवढी. तिच्या टोकाला एक बारीक चीर असते. वरवर स्वच्छ दिसणारी ती झडप दोन बोटांत धरून हलकेच दाबली की चिरेतून दुधाचा पांढरा थेंब बाहेर येतो. हे मला एका सिस्टरांनी दाखवलं. त्या म्हणाल्या, "ताई, आधी धुवायचं, मग उकळायचं. घाण राहिली तर उकळून ती जात नाही, शिजते."

पुढे दुकानांत मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा त्यांचं हे एक वाक्य मला जास्त उपयोगी पडलं.

सुरुवातीला माझं दूध पुरेसं येत नव्हतं तेव्हा तिला दुग्धपेढीतलं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं, दूध दिलं. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली दुग्धपेढी सुरू केली, हे मला तिथेच कळलं. दान आलेलं दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवतात. जंतू मरावेत पण दुधातलं जे जपायचं ते शक्य तितकं जपलं जावं, म्हणून ही उष्णता आणि ही वेळ. एनआयसीयूबाहेरच्या बाकावर बसून ही माहिती ऐकताना पहिल्यांदा डोक्यात शिरलं की 'निर्जंतुक' ही काही एकच अवस्था नाही. किती तापमान, किती वेळ आणि कशासाठी, हे दर वेळी वेगळं असतं.

घरी आलो तो ऐन पावसाळा. आम्ही पुण्याच्या वाघोलीत राहतो. सोसायटीला महापालिकेचं पाणी पुरत नाही. टँकर आणि बोअर यांवरच बराचसा कारभार चालतो, आणि बोअरचं पाणी चांगलंच जड. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बाळ वेळेआधीचं आहे, तेव्हा वजन नीट धरेपर्यंत दर वापरानंतर सामान निर्जंतुक करा. दूध काढायचं दर तीन तासांनी. म्हणजे दिवसातून आठ वेळा धुणं, आठ वेळा उकळणं. पंपाचे दोन जोड घेतले तरी रात्रीची ती पाळी चुकत नव्हती.

आधी पातेल्यात उकळायला लागलो. याला पैसा लागत नाही आणि चुकायला फारशी जागा नाही, असं सगळे म्हणतात. पहिलं खरं, दुसरं अर्धंच खरं. बाटली पाण्यात सोडली की तिच्यात हवा अडकते आणि ती तरंगते. वर राहिलेल्या भागाला उकळतं पाणी लागतच नाही. चिमट्याने ती तिरकी करून हवा बाहेर काढावी लागते. प्लॅस्टिकचा तुकडा तळाला टेकला तर वाकतो, म्हणून आई तळाशी पांढऱ्या सुती कापडाची घडी टाकायची. पाणी खळाखळा उकळायला लागल्यावर पाच मिनिटं मोजायची, पाणी ठेवल्यापासून नाही. पुण्यात पाणी १०० वर नाही, साधारण ९८ अंशांना उकळतं, कारण आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहोत. त्याने या कामात काही बिघडत नाही, पण माझा नवरा औषधांच्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे, त्यामुळे आमच्या घरात अशा गोष्टी मोठ्याने बोलल्या जातात.

उकळण्यातला खरा वैताग दोन गोष्टींचा होता. एक, पाण्यातले क्षार. सामान वाळलं की सगळ्यावर पांढरट भुकटी, आणि झडपेच्या चिरेत ती बसली की पंपाची ओढच कमी व्हायची. दुसरी म्हणजे वाळवणं. निर्जंतुक केलेलं सामान कापडाने पुसायचं नाही, कारण कापडावरचे जंतू परत त्यावर येतात. स्वच्छ कापडावर किंवा जाळीवर निथळत ठेवायचं आणि आपोआप वाळू द्यायचं. उन्हाळ्यात अर्ध्या तासात काम होईल. जुलैत, खिडकीबाहेर पाऊस आणि घरात दोरीवर लंगोट लटकलेले असताना, तीन तासांनी पुढची पाळी आली तरी बाटलीच्या तळाशी थेंब तसेच. लगेच वापरायची असेल तर ओली चालते. ओलीच झाकण लावून ठेवून दिली तर दुसऱ्या दिवशी कोंदट वास येतो.

आई म्हणाली, "मोदकपात्र काय गणपतीचीच वाट बघत बसलंय?" तिची युक्ती अगदी बरोबर होती. वाफेचा स्टरिलायझर म्हणजे शेवटी काय, तर मोदकपात्रच. खाली पाणी, वर जाळी, घट्ट झाकण. बोंडलं, वाट्या, चमचे, बुचं, झडपा त्यात सुरेख व्हायच्या आणि क्षारही बसायचे नाहीत, कारण क्षार खालच्या पाण्यात राहतात, वाफेबरोबर वर येत नाहीत. उभ्या बाटल्या मात्र झाकणाला लागायच्या. आडव्या ठेवल्या तर आत पाणी साठायचं. कुकरबद्दलही तिने विचारलं. कुकरमध्ये शिट्टीसकट दाब धरला की तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. दवाखान्यातला ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर चालतो, म्हणजे तत्त्व तेच. पण घरच्या बाटल्या, त्यांची निपलं, पंपाचे पडदे त्या दाबासाठी बनवलेले नसतात. जावयाने हे समजावल्यावर आई म्हणाली, "मग जावईबापू, तुमच्या कंपनीतलंच एखादं यंत्र आणा की." बापू हसले आणि त्या रविवारी आम्ही दुकानात गेलो.

दुकानात शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती अशी की स्टरिलायझरवर 'धमाका सवलत' चे फलक होते आणि बाटल्या मात्र मागच्या कोपऱ्यात गुपचूप उभ्या. बाटलीवर काही कमी करणार का विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "बाटलीवर नाही देता येत मॅडम, मशिनवर देतो." याला कारण आहे. बाळाचं डब्याचं दूध आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात करायला, त्यांवर सवलतीची कुपनं किंवा भेटवस्तू द्यायला आपल्याकडे १९९२च्या कायद्याने बंदी आहे. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. त्यामागचा हेतू चांगला आहे, अंगावरचं दूध सुटू नये हा. स्टरिलायझर मात्र त्या कायद्यातल्या 'बाटली'च्या व्याख्येत येत नाही. त्यामुळे सगळा भडिमार त्याच्यावरच. ज्या वस्तूची जाहिरात करता येत नाही ती निर्जंतुक करणारं यंत्र मात्र हसऱ्या गुबगुबीत बाळाच्या फोटोसह विकता येतं. हे मला फार गमतीचं वाटलं, आणि थोडं सावधही केलं.

खोक्याखोक्यावर '९९.९ टक्के जंतूंचा नाश' असं लिहिलेलं. नवऱ्याने तिथेच उभ्या उभ्या हिशेब सांगितला. दहा लाख जंतू असतील तर ९९.९ टक्के मेल्यावर एक हजार उरतात. धुऊनच आधी हजारावर आणले असतील तर एक उरतो. यंत्र तेच, टक्का तोच, पण फरक सगळा घासणीचा. सिस्टरांचं वाक्य आकड्यांत मांडलं की असं दिसतं. शिवाय उकळती वाफ साधे जंतू मारते, पण काही जंतूंचे चिवट बीजाणू त्यातूनही तग धरतात. ते मारायचे तर ऑटोक्लेव्हच लागतो. घरी कुणी ते करत नाही आणि निरोगी बाळाला त्याची गरजही नसते.

दुकानातल्या मुलीने आधी यूव्हीचं, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं, कपाट दाखवलं. दार लावलं की आत निळा उजेड, पाणी नाही, वाफ नाही, सामान कोरडंच बाहेर. दिसायला सगळ्यात सुंदर आणि किमतीलाही सगळ्यात वर, दहा हजारांच्या पुढे. मला ते जवळजवळ घ्यावंसं वाटलं होतं, कारण 'कोरडं' हा शब्द ऐकला की त्या दिवसांत माझे कान टवकारायचे. पण यूव्ही-सी किरण जिथे थेट पडतात तिथेच काम करतात. सावलीत नाही. आणि साधी काच किंवा प्लॅस्टिक हे किरण जवळपास अडवतातच, म्हणजे बाटलीच्या बाहेरून आत ते पोचतील असं धरता येत नाही. तोंड उजेडाकडे असलं तर आतला भाग थोडाफार उजळतो, पण बाटलीच्या गळ्यातल्या आट्या, निपलची आतली बाजू आणि माझी ती चीर असलेली झडप? मी झडप पर्समधून काढून त्या मुलीसमोर धरली आणि विचारलं, "हिच्या आत उजेड कसा जाणार?" तिने प्रामाणिकपणे सांगितलं, "ते नाही माहीत मॅडम, पण लोक खूप नेतात." सारखा यूव्ही लागून प्लॅस्टिक पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं, हेही होतंच. ते कपाट मोबाईल, खेळणी ठेवायला छान असेल. माझ्या पंपाला नाही.

मायक्रोवेव्हचा डबा सगळ्यात स्वस्त आणि मला मनापासून आवडलेला. खाली थोडं पाणी, वर सामान, आणि मायक्रोवेव्हच्या वॉटप्रमाणे दोन ते सहा मिनिटांत काम फत्ते. ज्यांच्या घरी मोठा मायक्रोवेव्ह आहे त्यांनी दुसरीकडे बघूही नये असं माझं मत आहे. आमचा २० लिटरचा आहे. घरी येऊन शिवणाच्या टेपने मोजला, तर आतली फिरती काच पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास, आणि तो डबा अठ्ठावीसचा. डबा भिंतीला अडकून फिरायचा थांबला असता आणि मग वाफ एका बाजूलाच झाली असती. त्यात धातू चालत नाही, म्हणजे आईने बारशासाठी आणलेलं चांदीचं बोंडलंही बाद. मायक्रोवेव्हमध्ये टाकायच्या वाफेच्या पिशव्याही मिळतात, एक पिशवी साधारण वीस वेळा वापरता येते. त्या पुढे कराडला जाताना घेतल्या आणि चांगल्या चालल्या.

माझी मावसबहीण इंग्लंडात असते. तिच्याकडे उकळणं-वाफवणं काही नाही. एका बादलीत थंड पाण्यात क्लोरीनच्या गोळ्या विरघळवायच्या, सामान बुडवून ठेवायचं, अर्ध्या तासाने वापरायला तयार, आणि चोवीस तासांनी पाणी बदलायचं. तिथे ही पद्धत रुळलेली आहे. तिने फोनवर कौतुकाने सांगितली. मला मात्र पोहण्याच्या तलावाचा वास आठवून ते दुधाशी जुळेना. हा शुद्ध माझा लहरीपणा, पद्धतीत खोट काही नाही.

उरला विजेवरचा वाफेचा स्टरिलायझर, आणि त्यातही एकच प्रश्न: वाळवणीसकट की वाळवणीशिवाय. वाळवणीशिवायचा दोन-अडीच हजारांत मिळत होता, वाळवणीसकटचा साधारण दुप्पट. दुकानदार वेगळ्याच गोष्टी सांगत होता. यात दूध कोमट करता येतं, भाज्या वाफवता येतात, एकात तर अंडी उकडायचा ट्रेही होता. मला अंडी उकडायची नव्हती. मला रात्री तीन वाजता कोरडी बाटली हवी होती. जंतू मारण्याच्या बाबतीत पातेलं, मोदकपात्र आणि हे यंत्र यांत फारसा फरक नाही, हे तोवर आम्हाला दोघांनाही कळून चुकलं होतं. आम्ही पैसे मोजत होतो ते पंख्याचे, आणि गॅसपाशी उभं न राहता झोपायला मिळणाऱ्या पंधरा-वीस मिनिटांचे. ही गोष्ट स्वतःशी कबूल केली की निवड सोपी होते. घरात माणसं भरपूर असतील आणि उन्हाळा असेल तर यंत्र घेऊ नका म्हणून मी आता सगळ्यांना सांगते. आमच्याकडे पावसाळा होता आणि रात्री जागायला दोनच माणसं. आईला रात्री उठवायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं. ती तरी उठायचीच, तो भाग वेगळा.

घेताना मग एवढंच पाहिलं: फक्त वाळवायचं वेगळं बटण आहे का, खालची तापणारी थाळी उघडी आणि हात घालून पुसता येण्याजोगी आहे का, आमची रुंद तोंडाची बाटली वरचं झाकण न उचलता उभी राहते का. बाटलीच्या तळाशी त्रिकोणात ५ चा आकडा होता, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ते वाफेला टिकतं. पूर्वी मिळायच्या त्या काचेसारख्या पारदर्शक, कडक पॉलिकार्बोनेटच्या बाटल्यांना २०१५ पासून भारतीय मानकात जागा नाही. कुणी घरातली जुनी बाटली प्रेमाने देऊ केली तर हे लक्षात असू द्या.

यंत्र घरी आल्यावरच्या गोष्टी कुठल्याच खोक्यावर लिहिलेल्या नसतात.

पहिली, जागा. आम्ही ते सोयीचं म्हणून ओट्यावर, गॅसच्या शेजारी ठेवलं. वाळवणीचा पंखा बाहेरची हवा आत ओढतो, मध्ये एक पातळ गाळणी असते. दुसऱ्याच दिवशी आईने डाळीला लसणाची फोडणी दिली आणि त्या पाळीच्या बाटल्या उघडल्या तर आतून लसूण-हिंगाचा दरवळ. आई म्हणाली, "चांगलंय, आत्तापासूनच आमटीची सवय होईल." यंत्र बैठकीच्या खोलीतल्या कपाटावर गेलं, आणि गाळणी दर महिन्याला बदलायची असते हेही तेव्हाच कळलं.

दुसरी, पाणी. मापाच्या कपात ९० मिली घ्यायचं. नळाचं घातलं तर आमच्या जड पाण्याने आठवड्याभरात थाळीवर आधी पांढरे, मग तपकिरी डाग. तपकिरी डाग दुधाचे. नीट न खंगाळलेल्या बाटलीतून ओघळलेलं दूध थाळीवर करपतं आणि मग सगळ्या सामानाला तो वास लागतो. लिंबूसत्त्व चमचाभर कोमट पाण्यात विरघळवून थाळीवर अर्धा तास ठेवलं की सगळं सुटून येतं. घासणी लावायची नाही, थाळीवर चरे पडतात. नंतर आम्ही आरओचं पाणी घालू लागलो आणि पांढऱ्या डागांचा विषय संपला. सामान धुवायला वेगळी छोटी घमेली आणि वेगळा ब्रश ठेवला. सिंकमध्ये बाटल्या थेट ठेवायच्या नाहीत, कारण तिथेच आपण भाजीची माती आणि मासळीही धुतो.

तिसरी, आवाज. काम संपल्यावर आमचं यंत्र पाच वेळा कर्कश टींऽ टींऽ करायचं आणि तो बंद करायची सोय नव्हती. कंपनीला फोन केला तर 'फीचर आहे' असं उत्तर मिळालं. ज्या वस्तूचं गिऱ्हाईक म्हणजे झोपलेल्या बाळाचे आईबाप, तिच्यात हे फीचर कुणाला सुचलं असेल! नवऱ्याने ते उघडून आतल्या छोट्या भोंग्यावर चिकटपट्टी लावली. वॉरंटी गेली, पण झोप मिळाली.

चौथी, लाईट. वाफेचा भाग ६०० वॉटचा आणि दहा मिनिटांचा, म्हणजे एका पाळीला युनिटचा दहावा हिस्सा. वाळवणी धरून दिवसाला फार तर दीड-दोन युनिट, बिलात त्याचा पत्ताही लागत नाही. पण गुरुवारी लाईट जाते तेव्हा अर्ध्यावर थांबलेलं चक्र परत पहिल्यापासून सुरू करावं लागतं, आणि घरच्या इन्व्हर्टरवर पंखे-दिवे चालू असताना हे झेपत नाही. त्या दिवशी मोदकपात्र खाली यायचं. आईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान असायचं ते वर्णन करायची गरज नाही.

काही आठवडे वजन वाढावं म्हणून डॉक्टरांनी डब्याचं दूधही थोडं सुरू केलं होतं. त्या निमित्ताने एक गोष्ट कळली जी स्टरिलायझर विकणारे कुणी सांगत नाहीत. डब्यातली पावडर स्वतः निर्जंतुक नसते. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू सापडतो आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळांना तो जिवावर बेतू शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच सांगून ठेवलंय की पावडर किमान ७० अंश गरम पाण्यात कालवावी आणि मग दूध निववून पाजावं. आम्ही ओळखीच्या घरांत बघतो ते उलटं असतं. बाटली तीन-तीनदा वाफवलेली, आणि पावडर कोमट पाण्यात. उकळून गॅस बंद केल्यावर अर्ध्या तासाच्या आत ते पाणी वापरलं तर ते साधारण ७०च्या वर असतं, हा आमचा नेम. आणि पिऊन उरलेलं दूध टाकून द्यायचं. आईला हे टाकणं फार जिवावर यायचं.

हे सगळं किती दिवस करायचं, यावर मात्र जगाचं एकमत नाही. इंग्लंडच्या बहिणीला तिथल्या आरोग्यसेवेने सांगितलंय की बाळ वर्षाचं होईपर्यंत सगळं निर्जंतुक करा. माझा दीर न्यू जर्सीला असतो. त्यांच्याकडचा सल्ला असा की दर वापरानंतर नीट धुवा, आणि बाळ दोन महिन्यांच्या आतलं, वेळेआधीचं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं असेल तर दिवसातून एकदा निर्जंतुक करणं महत्त्वाचं. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही तुमच्या नवऱ्याला राखेने घासलेल्या वाटीनं पाजलंय." मी आमच्या डॉक्टरांना तिघांचंही सांगितलं. ते म्हणाले, बाळ रांगायला लागून फरशी चाटायला लागलं की तुम्हीच थांबाल. तोवर दिवसातून एकदा करा, पण हात धुणं आणि बाटली घासणं कधी सोडू नका. आणि शक्य तेवढं वाटी-चमच्यानेच पाजा, त्याला ना निपल लागतं ना झडप.

तसंच झालं. पूर्ण दिवसांचं वजन भरल्यावर ती अंगावर नीट ओढायला लागली आणि बाटली मागे पडली. २६ आठवड्यांची रजा संपवून मी बँकेत परत रुजू झाले तेव्हा पंप पुन्हा निघाला आणि यंत्र दिवसाला एकदा, संध्याकाळी, चालू लागलं. तोवर पावसाळा संपला होता आणि वाळवणीचं बटण आम्ही दाबतही नव्हतो. बाल्कनीत जाळीच्या झाकणाखाली ठेवलं की अर्ध्या तासात सगळं खडखडीत.

आता ते यंत्र कोल्हापूरला माझ्या वहिनीकडे गेलंय. तिला जुळं आहे, त्यामुळे त्याला विश्रांती नाही. लिंबूसत्त्वाची पुडी बरोबर बांधून दिली होती. परवा तिचा फोन आला, काम संपल्यावर हे वाजत का नाही, बिघडलंय का. चिकटपट्टीचं तिला सांगायचं राहून गेलं होतं.